चौथा सोपा गडी

वर्षापूर्वी एका डावखुऱ्या बॉक्सरने चॅम्पियनला दोनदा लोळवलं होतं. पंचांच्या मेहेरबानीने पट्टा वाचला. तेव्हापासून पुन्हा त्याच्याशी लढायचा विषय निघाला की चॅम्पियनचा खांदा दुखायचा. सोप्या गड्यांशी लढताना मात्र ठणठणीत असायचा. असे तिघे झाले, चौथा हा गवंडी. लढतीआधी वजन करताना चॅम्पियन पत्रकारांना म्हणाला, "मी कुणालाच टाळत नाही. हा बघा, यालासुद्धा नाही!" सगळे फिदीफिदी हसले. गवंड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर तो वस्तादांनी शिकवल्याप्रमाणे उजव्या हाताने लढत आला होता. तिसऱ्या फेरीत त्याने पवित्रा बदलला: उजवा पाय पुढे, बारा वर्षं भिंतींवर थापी चालवलेला डावा हात ठोशासाठी मागे. ठोसा निघालाही नव्हता, तोच चॅम्पियन दोन्ही हातांनी तोंड झाकून दोरांना चिकटला. "घाबरतोस काय?" गवंडी ओरडला. "तो नाही, मीच आहे!"