तोंड थोरल्यांकडे

थोरल्या भावाचा महाल दिसला की आबासाहेबांच्या पोटात दुखायचं. घोटीव चुन्याचे पांढरेशुभ्र गोल खांब, वर त्रिकोणी माथा, सगळा विलायती थाट! दसऱ्याला सोनं द्यायला आलेली माणसंसुद्धा आधी खांबांकडे बघत राहायची.

शेवटी आबासाहेबांनी तो महाल बांधणारा गोरा इंजिनियरच बोलावला. "खांब त्यांच्याहून उंच हवेत. आणि महाल बरोब्बर त्यांच्यासमोर बांधा."

"सरकार, तोंड तलावाकडे ठेवू या. सुंदर दिसेल."

"तलावाला काय जळवायचंय?"

महाल उभा राहिला. वास्तुशांतीला थोरले दादासाहेब आले, खांबांवरून हात फिरवून मनापासून हसले. "आबा, आमच्या सज्ज्यातून इतकी वर्षं नुसता ओसाड माळ दिसायचा हो. आता रोज चहा घेताना तुमचे खांब बघत बसतो. डोळ्यांचं पारणं फिटतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेब ऐटीत आपल्या नव्या सज्ज्यात बसले. चहा आला. समोर थोरल्यांचा महाल कोवळ्या उन्हात नुसता झळकत होता.

चहा तसाच निवला. स्वतःचे खांब डोळे भरून पाहायचे, तर आता चहाला थोरल्यांकडेच जावं लागणार होतं.