हिरवा बावटा

ब्रह्मदेशच्या लढाईत जखमी झालेला सोपान विमानानं मुंबईला उतरला. तिथून एक्स्प्रेसनं तो पुण्याच्या लष्करी दवाखान्यात जाणार होता. त्याचा बाप अंबाजी लोणावळ्याच्या पुढं रेल्वेत गँगमन होता.

"अवं, तांबडा बावटा दावा की! घटकाभर तोंड बघू द्या लेकराचं," सोपानची आई झुंबरबाई रुळापाशी येऊन अंबाजीला म्हणाली.

"खुळी हायेस का? त्यो जगायचा तर दवाखाना लवकर गाठाया पायजे."

अंबाजीनं हिरवा बावटा धरला. गाडी धडधडत निघून गेली. एवढ्या खिडक्यांत तिला लेक दिसलाच नाही.

 

सोपान मैलभर पुढं उभ्या गाडीत मेला. एका गोऱ्या साहेबाची टोपी वाऱ्यानं उडाली होती, ती सापडेपर्यंत गाडी अर्धा तास थांबवली होती.