दुसरा पाय

मुखरूच्या पोटरीवरची गाठ दाबली तरी दुखत नाही, म्हणजे तो महारोगच, असं गावानं ठरवलं आणि त्याची झोपडी धानाच्या बांध्यांपल्याड गेली. बायको रोज पळसाच्या पानावर भात आणून शेताच्या धुऱ्यावर ठेवायची, लांबूनच हाक मारायची आणि तो उठायच्या आत पाठ फिरवायची. पाच वर्षं त्याला कोणी शिवलं नाही.

आरमोरीच्या बाजारात फिरता डॉक्टर आला, तेव्हा मुखरू सगळ्यांच्या शेवटी, चार हात लांब बसला. डॉक्टरनं त्याचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला, गाठ बोटांनी हलवून पाहिली आणि तिच्याभोवती सुई टोचली. मुखरू कळवळला.

“टोचलेलं कळतं ना? मग महारोग नाही. चरबीची गाठ आहे. अशी कुणालाही होते. खुशाल घरी जा.”

मुखरू जागचा हलला नाही. त्यानं हळूच दुसरा पाय पुढं केला.

“सायेब, याले बी पाहा ना.”

“याला काय झालं?”

“काई नाई जी.” मुखरूनं मान खाली घातली. “पन हात तेवढा लावा.”