छत्तीस किलो चारशे

"छत्तीस किलो चारशे," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "नऊ वर्षांच्या मुलीला लाल रेघ छत्तीसवर. ही रेघेच्या वर गेली. हिचं शाळेतलं दूध-अंडं आजपासून बंद."

वर्गातले बाक भिंतीला सरकवून मधोमध काटा मांडला होता. मागे आयांची आणि मुलांची रांग होती आणि काट्यावर बबडी पोट आत ओढून उभी होती. बबडीच्या आईला तो तक्ता काही कळला नाही. आकडा मात्र चांगला कळला. बिस्किटांच्या कारखान्यात बारा वर्षं ती पुडे भरत होती. शंभर ग्रॅमच्या पुड्यात एक बिस्कीट कमी पडलं तरी तिच्या तळहाताला समजायचं. सुपरवायझरचा काट्यापेक्षा तिच्या हातावर जास्त विश्वास. चारशे ग्रॅम म्हणजे चार पुडे. तेवढ्यावरून गाडं अडलं होतं.

"बाई, बंद नका ना करू," ती म्हणाली. "मागच्या वर्षी ही प्रार्थनेला उभ्या उभ्या दोनदा चक्कर येऊन पडली. अंडं मिळायला लागल्यापासून एकदाही पडली नाही."

नर्सबाई वाईट नव्हत्या. त्यांनी बबडीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "अजून फिकटच आहे. आत्ता कुठं जरा लाली यायला लागली होती. अंगात रक्त नाही, नुसतं अंग सुटलंय. घरी काय खाते?"

आईनं तोंड उघडायच्या आत बबडीनंच सांगून टाकलं. "बिस्किटं! आमच्याकडे डबा भरून असतात. आई दर शनिवारी आणते."

"आणि?"

"आणि चहा."

रांगेत खसखस पिकली. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारखान्यातले फुटके तुकडे कामगारांना फुकट मिळतात, आपण आठच्या आत घरी पोचत नाही आणि चार वाजता शाळेतून आलेल्या पोरीच्या हाताला लागेल असं घरात तेवढंच असतं, हे सगळं एवढ्या बायकांसमोर सांगायला तिची जीभ उचलेना. पोरगी कधी उपाशी राहिली नाही याचा तिला केवढा अभिमान होता. शेजारणी म्हणायच्या, गुटगुटीत आहे हो तुमची, आणि ही आपली हळूच लेकीला दृष्ट लागू नये म्हणून विषय बदलायची.

त्यातून आज तर तिनं स्वतःच्या हातानं घोटाळा केला होता. मागच्या वेळी वजनाला एका बाईला सगळ्यांदेखत बोलणी बसली होती, पोरीला उपाशी आणलंत का म्हणून. तो आळ आपल्यावर नको, म्हणून सकाळी तिनं आपल्या वाटणीचे तुकडेही बबडीला चहात बुडवून भरवले होते. दोन कप चहा आणि दोन मुठी तुकडे. आता तळहातानं त्याचं वजन आपोआप सांगितलं, आणि ते चारशेच्या आसपासच भरलं.

तेवढ्यात तिचं लक्ष बबडीच्या फ्रॉककडे गेलं. "थांबा बाई, हिच्या खिशात काहीतरी आहे."

बबडीनं खिसा गच्च दाबून धरला. मग आईचे डोळे पाहून रुमालात बांधलेली तुकड्यांची पुरचुंडी बाहेर काढली. "तुझ्यासाठी आहे. तू सकाळी काही खाल्लं नाहीस ना."

आईनं पुरचुंडी हातात घेतली. दीडशे. काट्यानंही दीडशेच उतरवले. छत्तीस किलो अडीचशे.

"बाई, मी शू करून येऊ?" बबडीनं विचारलं. "मग आणखी कमी होईल."

या वेळी नर्सबाईसुद्धा हसल्या, पण त्यांचं पेन थांबलं नाही. "तुला पाठवलं तर ही अख्खी रांग धावत सुटेल. आणि आज निसटलीस तरी पुढच्या वेळी अडकशीलच गं." मग त्या आईकडे वळल्या. "तीन महिन्यांनी परत वजन करू. रेघेखाली आली की लगेच सुरू. तोवर बिस्किटं बंद. भाज्या द्या, डाळ द्या, फळं द्या."

"आणि अंडं?" आईनं विचारलं.

"हो, अंडं तर द्याच," नर्सबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. मग त्यांचा हात थांबला. वर न बघता त्या म्हणाल्या, "नियम मी नाही हो करत. चला, पुढचं कोण?"

व्हरांड्यात दूध-अंड्याच्या यादीतली मुलं ओळीनं बसून अंडी सोलत होती. बबडी सवयीनं जाऊन ओळीच्या शेवटी बसली. आईनं तिला दंडाला धरून उठवलं. मुलं बघायला लागली तशी ती लेकीला घेऊन जिन्याखाली गेली. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता.

रांगेत उभं राहून दुपार झाली होती.

"आई, भूक लागली," बबडी म्हणाली. "त्यातलंच दे ना. अर्धं तुला, अर्धं मला."

आईनं रुमालाची गाठ सोडली. एक तुकडा तळहातावर घेतला आणि ती तिथंच थांबली. नऊ वर्षांत लेकीला भरवताना या हातानं कधी वजन केलं नव्हतं.

आठ ग्रॅम, हात म्हणाला.

समोर बबडी तोंड उघडून उभी होती.