आठ स्कॅनची बेरीज

आकडे कधी खोटं बोलत नाहीत, असं मास्तर चोवीस वर्षं वर्गाला सांगत आले होते. वर्गाने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. आज हॉस्पिटलच्या तळघरात, किरणांचा हिशेब ठेवणाऱ्या फिजिसिस्टबाईंसमोर बसल्यावर मास्तरांनाही वर्गाचं पटू लागलं होतं.

शेजारी बसलेल्या नऊ वर्षांच्या लेकीच्या पोटात कॅन्सरची गाठ. तिच्यापायी आठ सीटी स्कॅन झाले होते, नववा अर्ध्या तासावर आला होता, आणि संमतीच्या कागदावर बापाची सही बाकी होती. मास्तरांनी आठही रिपोर्टांवरचे किरणांचे आकडे एकाखाली एक मांडून बेरीज केली होती. एक्केचाळीस पूर्णांक तीन दशांश. दोनदा ताळा केला होता. कागद घामाने मऊ पडला होता.

"मॅडम, एक गाठ बघता बघता आपण दुसरी पेरतोय का, एवढंच सांगा. मग करतो सही."

"बेरीज बरोबर आहे, मास्तर. पण हे आकडे हिचे नाहीत."

"मग कुणाचे?"

"प्लास्टिकच्या ओंडक्याचे. मोठ्या माणसाच्या पोटाएवढा असतो. मशीन त्याच्यावरून आकडा छापतं, आत कुणीही झोपलेलं असो."

बाईंनी ड्रॉवरमधून शिंप्याची टेप काढली आणि लेकीच्या पोटाभोवती गुंडाळली.

"फ्रॉक शिवताय?" लेकीने विचारलं.

"छे गं, मला बटणसुद्धा लावता येत नाही." बाईंनी टेप वाचली. "बावन्न सेंटिमीटर. फारच बारीक आहेस तू." मग मास्तरांकडे न बघता म्हणाल्या, "बारीक पोटात किरण जास्त बसतात. तुमची बेरीज दुप्पट धरा. साधारण."

मास्तरांनी बेरजेखाली दुप्पट आकडा लिहिला. 'साधारण' या शब्दाला त्यांनी जन्मात पहिल्यांदाच हरकत घेतली नाही.

"म्हणजे पुढे धोका किती?"

बाई टाइप करू लागल्या. वय, मुलगी, पोट, किरणांची मात्रा. मास्तर स्क्रीनकडे बघत होते. एका चौकटीत बाईंनी बोटही न लावता आकडा उमटला. अपेक्षित आयुष्य: ८१ वर्षे.

या इमारतीत आजवर त्यांच्याशी कुणीही पुढच्या तीन महिन्यांपलीकडचं बोललं नव्हतं.

"हे... हे कुणी लिहिलं?"

"ते आपोआप येतं." बाईंचा आवाज खाली आला. "खरं म्हणजे अशा मुलांच्या बाबतीत तिथे..." त्यांचं बोट कीबोर्डकडे गेलं. "बदलता येतं ते."

"नको!"

लेक दचकली. मास्तरांनी तिच्या डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली.

"राहू द्या, मॅडम. आहे तसंच करा."

बाईंनी बटण दाबलं. "दुसरा कॅन्सर होण्याचा धोका शंभरात दोन. झालाच तर वीस-तीस वर्षांनी."

"वीस-तीस वर्षांनी," मास्तर म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले. "मला याची प्रिंट मिळेल?"

प्रिंट मिळाली. मास्तरांनी तिची घडी खिशात घातली आणि संमतीच्या कागदावर सही केली. आडनाव रेघेखाली उतरलं.

त्या चौकटीत या तळघरातल्या प्रत्येक मुलीला एक्याऐंशीच वर्षं येतात.