ओळख पटवायला आलेली बाई

"पाठ ताठ ठेव. राणी लगामाकडे बघत नसते," प्रधान दातो सुलोंग पुटपुटला.

जेलिमानं मान वर केली. अंगावर राणीचं पिवळं रेशीम होतं, तोंडाभोवती राणीसारखाच शेला. त्याआडचा राणीचा चेहरा प्रधानानं आणि शेजघरातल्या चाकरांनी तेवढा पाहिलेला. घोडा मात्र तिच्या हाताखालचा. राणीचे घोडे शिकवण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती, म्हणूनच प्रधानानं तिला गाठलं होतं.

"राणीसरकार खरंच आजारी आहेत ना?"

"ताप आहे. आत झोपल्यात."

"दोन वर्षं ताप?"

"तोंड फार चालतं तुझं. आज तेवढं बंद ठेव."

दोन वर्षांत केलांतन नदीच्या काठी राणी वान सेरी कुणाच्या नजरेस पडली नव्हती. उत्तरेच्या राजाला वास लागला होता. राणी गेली असेल, तर त्याचे हत्ती पलीकडच्या काठावर तयारच होते. खात्री करायला त्यानं वकील धाडला होता आणि त्याच्यासोबत एक विणकरीण. तिनं म्हणे राणीच्या शेजघरात वीस वर्षं चाकरी केली होती.

विणकरीण पुढे आली. तिला बघताच दातोच्या हातून विड्याचा डबा निसटला. सुपाऱ्या चिखलात घरंगळल्या.

"शेला काढा," वकील म्हणाला.

जेलिमानं काढला. बाई जवळ येऊन तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तलवार उपसा. दौडून दाखवा."

जेलिमानं टाच मारली. मैदानाच्या टोकाला बांबूवर नारळ लावला होता. भरधाव वेगात तिनं तो एका घावात उडवला आणि घोडा बाईच्या पुढ्यात आणून थांबवला. सगळे बाईकडे बघत होते.

"हीच," बाई म्हणाली.

"नीट बघ. चुकलीस तर मुंडकं जाईल तुझं," वकील म्हणाला.

"राणीला मी ओळखणार नाही, तर कोण ओळखणार? हीच राणी."

वकिलानं वाकून मुजरा केला. दुपार व्हायच्या आत हत्ती माघारी वळले. बाईनं राणीच्या हातचा विडा मागितला, म्हणून जेलिमा तिला आतल्या दालनात घेऊन आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"बाई, जीव धोक्यात घालून खोटं का बोललात? मी घोडे शिकवणारी. तुम्हाला ठाऊक होतं."

"तू घाव घातलास तेव्हा डोळे मिटले नाहीस," बाई विडा चघळत म्हणाली. "या गादीला एवढ्यात कंटाळायची नाहीस तू."

जेलिमाला काही उमगेना. तेवढ्यात दार उघडून दातो आत आला. जेलिमाला ओलांडून तो थेट विणकरणीच्या पायांवर कोसळला.

"राणीसरकार! दोन वर्षं कुठं होतात?"

बाईनं पाय मागे घेतले.

"ओळख पटवून झाली, सुलोंग. आता पाया पडायचं तर तिच्या पड."