हवाई सुंदरीची तक्रार

“तक्रारीचा फोन कुणी केला, ते मी सांगणार नाही,” प्रशिक्षण द्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, आणि साइटच्या पत्र्याच्या ऑफिसातली सगळी डोकी मागच्या खुर्चीकडे वळली. तिथे क्रेन चालवणारी पोरगी बसली होती. साइटवर बाईमाणूस ती एकटीच. तक्रार कुणाची, हे शोधायला काही फार अक्कल लागत नव्हती.

भिंतीवर चित्रं सरकत होती. समानता, सन्मान, सगळ्यांना सामावून घेणं. कुणाला जातीवरून, रंगावरून, शरीरावरून, बाईपणावरून नावं ठेवायची नाहीत.

“मग दिवसभर बोलायचं तरी काय?” सेंटरिंगवाला पुटपुटला.

“हवाई सुंदरीला विचार,” कुणीतरी म्हणालं, आणि खसखस पिकली.

सिग्नलवाला मान खाली घालून बसला होता. त्यानं खालून वॉकीटॉकीवर ‘उचल, थांब, सोड’ सांगायचं आणि तिनं वरून हुक हलवायचा, असं दोघांचं काम. तो लंगडायचा, म्हणून त्याचं नाव दीडपाय. कुणी नक्कल करत मागून चाललं की सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा. ‘हवाई सुंदरी’ला तो तसाच हसला होता. पोरगी मात्र त्याला काका म्हणायची. “काका, बटण सोडा हो! परत अडकलंय. तुमचा खोकला पार ढगात ऐकू येतोय,” असं वरून सारखं चालू असायचं.

चहाला तिच्याजवळ कुणी बसलं नाही. मुकादमानं साहेबांच्या कानावर घातलं, “चुगलखोर बाईच्या हुकाखाली आमची माणसं उभी राहणार नाहीत.” साहेबांना काम थांबायला नको होतं. तिची बदली झाली. दुसऱ्या साइटवर, आणि तिथे क्रेन नाही, गोदामात बसायचं. इकडे समानतेचा वर्ग अजून संपायचा होता.

सिग्नलवाला मुकादमाच्या शेजारीच उभा होता. ‘तिला पाठवू नका,’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

“काय रे दीडपाय, बरोबर ना?” मुकादमानं विचारलं.

“बरं झालं, पीडा टळली,” तो म्हणाला आणि हसला. स्वतःचं ते हसू ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ती शेवटची शिडी उतरून खाली आली, तेव्हा तो तिथेच घुटमळत होता.

“चुकलंच माझं, पोरी. मी तोंड उघडायला हवं होतं.”

“कशाला? मला क्रेन येते, आज ना उद्या कुठेतरी मिळेलच. तुम्हाला या वयात, या पायानं, दुसरीकडे कोण उभं करणार होतं?”

“म्हणजे?”

तिनं त्याच्या छातीवर लटकणारा वॉकीटॉकी हातात घेतला आणि रुतलेलं बटण नखानं अलगद वर काढलं.

“वाळूच्या ढिगामागे जाऊन, ‘हे लोक मला दीडपाय म्हणतात हो,’ असं फोनवर रडत सांगत होतात ना, काका, तेव्हाही हे दाबलेलंच होतं.”